त्र्यंबक मास्तरांची घोरपड

गेल्या महिन्यात माझ्या नातवाची आवडती मालिका टीव्हीवरून एकदम बंद झाली. डायनासोरांची होती. काही माणसं कसल्याशा यंत्रात बसून लाखो वर्षं मागे जात आणि तिथे डायनासोर त्यांच्या मागे लागत. चार-पाच भाग झाले आणि त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. नातू रडवेला झाला. त्याचा बाप म्हणाला, "आपल्या लोकांना सायन्स कळत नाही, त्याला कोण काय करणार!"

मी गवारीच्या शेंगा मोडत होते. मला हसू आवरेना. हेच वाक्य मी फार वर्षांपूर्वी अकोल्याच्या जुन्या शहरात ऐकलं होतं. तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही कशाला म्हणतात हेही कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते म्हणणारे त्र्यंबक मास्तर तेव्हा एका रांजणातून नुकतंच डोकं बाहेर काढून उभे होते.

त्र्यंबक मास्तरांचं घर आमच्या घराला लागून होतं. मधे एकच भिंत. लग्न होऊन मी अमरावतीहून आले, त्याच आठवड्यात त्यांनी मला अंगणात उभं करून विचारलं, "सूनबाई, शिक्षण किती?" मी चौथी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओठ हलवले. "उत्तम," ते म्हणाले. "चौथीपर्यंतच्या माणसाला शास्त्र चटकन पटतं. पुढे शिकलेले वाद घालतात." तेव्हापासून गल्लीत जे कोणी ऐकून घेत नसे ते मला ऐकावं लागे. मी लाजरी. मान खाली घालून उभी राही. आणि मान खाली घातलेल्या बाईला सगळं पटलेलं असतं, असा पुरुषांचा समज असतो.

ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. धोतर, वर काळा कोट आणि कोटाच्या खिशात शाळेतून आणलेला लांब काचेचा थर्मामीटर. चहा आला की आधी थर्मामीटर कपात. मग नळी उजेडाकडे धरून ते बराच वेळ पाहत, आकडा मोठ्यानं वाचत, तो बरा की वाईट यावर थोडं बोलत, आणि मग घोट घेऊन आत ओरडत, "चहा थंड का दिला?" वत्सलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, दुसरा चहा ठेवत. तोही मोजला जाई.

बोलणं अगदी पुस्तकातलं. प्रत्येक गोष्टीची सुरुवात "शास्त्र असं सांगतं" अशी. शास्त्र वरणात किती हिंग घालावं तेही सांगे. राग आला की मात्र त्यांची भाषा घसरून आमच्या वऱ्हाडीवर येई. त्यामुळे ते मनातलं केव्हा बोलतात, हे गल्लीला बरोबर कळे.

चूक झाली असं ते कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी बाटली, नळी आणि रंगीत पाणी घेऊन पावसाचा अंदाज सांगणारं यंत्र केलं. पाणी खाली होतं, म्हणून तीन दिवस आभाळ कोरडं राहील असं त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. सगळ्या गल्लीनं कुरडया घातल्या. गच्च्या, बाजा, धोतरं, जिथे जागा मिळेल तिथे कुरडया. दुपारी चारला वादळ उठलं आणि कुरडयांचा परत चीक झाला. गोविंदशेठ किराणावाल्याची आई भिजलेलं धोतर तसंच घेऊन मास्तरांच्या दारात आली.

"मास्तर, हे काय झालं?"

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "पाऊस चुकला," ते म्हणाले.

दुसरी गोष्ट हाडाची. शाळेची सहल पातूरच्या लेण्यांकडे गेली होती. तिथून येताना मास्तरांनी उपरण्यात गुंडाळून एक भलं मोठं हाड आणलं आणि ओट्यावर ठेवलं. हे लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय प्राण्याचं हाड आहे, असं त्यांनी जाहीर केलं. लोक पाहायला येऊ लागले. काकूंनी हाड घराच्या आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर नव्हतं. गल्लीतलं लंगडं कुत्रं कोपऱ्यात बसून ते चघळत होतं. लाखो वर्षांच्या हाडाला अजून चव कशी, असं कोणीतरी विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "पाहा. मुक्या जनावरालासुद्धा त्याचं महत्त्व कळलं."

त्या हाडाचं पुढे कुत्र्यानं काय केलं ते केलं, पण मास्तरांच्या डोक्यातून डायनासोर गेला नाही. त्यांच्याकडे इंग्रजी चित्रांचं एक पुस्तक होतं. ते घेऊन ते गोविंदशेठकडे गेले. गोविंदशेठ आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. दर वर्षी मेळा होई, भजन होई, एखादं नाटक होई. मास्तरांचं म्हणणं, या वर्षी दहाही दिवस रोज संध्याकाळी एकाच कथेचा एकेक भाग करायचा. एक शास्त्रज्ञ कालरथात बसून भूतकाळात जातो आणि डायनासोरांच्या तावडीत सापडतो. रोज त्याला अशा जागी सोडायचं की लोकांनी दुसऱ्या दिवशी आलंच पाहिजे.

गोविंदशेठना कल्पना आवडली. त्यांची एकच अट होती. "घोरपडीनं आधी गनपतीच्या पाया पडलं पायजे."

"घोरपड नव्हे, डायनासोर. आणि गोविंदशेठ, त्या काळी पृथ्वीवर माणूस नव्हता, देऊळ नव्हतं, देव नव्हते."

"देव नवते? मंग तुमी कोनाच्या मांडवात खेळ करून राह्यले मास्तर?"

पुस्तक बगलेत मारून मास्तर उठले. शास्त्रानं त्यांना काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. पण घरी येऊन त्यांनी डायनासोरच्या पुढच्या पायांना गुडघ्यात वाकण्याची सोय केली.

डायनासोर आमच्या अंगणात तयार झाला. सांगाडा बांबूचा, कातडं बारदान्याचं. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यामुळे फाटका बारदाना आणि पोटात भरायला कचरा-कापूस मिळाला. दाभण आणि सुतळी घेऊन ते कातडं मी शिवलं. मला कोणी विचारलं नव्हतं. "सूनबाई शिवेल," एवढंच मास्तर म्हणाले. डोकं शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका भिजवून, कुटून केलेलं. वाळल्यावर खालच्या जबड्यावर लाल शाईतला "नापास" स्पष्ट वाचता येत होता. दात मुळ्याचे. ते रोज संध्याकाळी ताजे बसवत आणि दुसऱ्या दिवशी काकू त्यांची भाजी करत. आत पुढच्या पायांत किसन हमाल आणि मागच्या पायांत त्याचा साळा. दोघांचं आपसात पटत नसे. ते पुढे चालताना लक्षात येई.

सगळं झालं, पण डरकाळी काही जमेना. मास्तरांनी शंख फुंकून पाहिला, डब्याला दोरी बांधून ओढून पाहिली, ग्रामोफोनच्या कर्ण्यात तोंड घालून पाहिलं. काही केल्या तो आवाज जनावराचा वाटेना. आणि इथे विमल आली.

विमल ही मास्तरांची एकुलती मुलगी. अठराची असेल. गोरी, नाकीडोळी छान. पण आवाज असा की तिनं घरात "आई" म्हटलं की नदीपलीकडच्या बाया वळून पाहत. दोन ठिकाणचे पाहुणे तिला पाहून गेले होते. दोन्ही वेळा तिनं नाव सांगितलं आणि पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. काकूंच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता. दिवसभर त्या एकच सांगत, "हळू बोल वं माय. पोरीच्या जातीनं असं बोलत असते काय?" मास्तरही म्हणत, "विमल, शास्त्र असं सांगतं की मोठा आवाज हे असंस्कृतपणाचं लक्षण आहे." विमल बिचारी कुजबुजायला शिकत होती. मोर्शीचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, संत्र्याचे बगिचे, मुलगा शिकलेला. ते लोक गणपतीच्या पाचव्या दिवशी पाहायला येणार होते. हे स्थळ जमावं म्हणून काकूंनी गोड सोडलं होतं.

त्या दिवशी विमल मोठा रांजण आडवा करून आतून घासत होती. डोकं, खांदे आत. तिथूनच तिनं हाक मारली, "आई, घासाले नारयाची शेंडी दे!"

आमच्या आंब्यावरचे कावळे उडाले. माझ्या हातातलं दाभण बोटात गेलं. मास्तर खुर्चीतून उठले आणि रांजणापाशी जाऊन म्हणाले, "पुन्हा."

अशा रीतीनं जो आवाज दाबण्यात आयुष्य गेलं तो एका क्षणात शास्त्राच्या उपयोगी पडला. फक्त तो तिचा आहे हे कोणाला सांगायचं नव्हतं. लग्नाची मुलगी मांडवात डरकाळ्या फोडते हे कळलं तर संपलंच, म्हणून काकूंनी शपथ घातली. मास्तरांचं कारण वेगळं होतं. त्यांनी तोवर गोविंदशेठना सांगून टाकलं होतं की डरकाळीसाठी कलकत्त्याहून खास ध्वनियंत्र मागवलं आहे. पडद्यामागे रांजण ठेवला, त्यावर काळं कापड टाकलं. विमलसाठी कंदील धरायला मला बसवलं. मला गुपित ठेव असं सांगायची गरज नव्हती. मी न बोलणारी म्हणूनच माझी निवड झाली होती.

पहिल्या संध्याकाळी मांडव अर्धा भरला. शास्त्रज्ञाचं काम अर्थातच मास्तरांचं. दवाखान्यातून आणलेली फिरती खुर्ची, तिला सायकलची चाकं आणि एक बंद पडलेलं घड्याळ, हा कालरथ. मास्तर त्यात बसून गरगर फिरले आणि उतरून, जरा तोल सावरून, म्हणाले, "बंधुभगिनींनो, आज आपण जिथे बसलो आहोत, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी अथांग समुद्र होता!"

मागून आवाज आला, "मंग आमच्या नळाले पानी काहून येत नाई मास्तर?"

मग मास्तरांनी काठी तीनदा आपटली. ठक, ठक, ठक. ही खूण होती. विमलनं रांजणात डोकं घातलं.

तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. बाजेवर झोपलेली पोरं उठून रडायला लागली. गोविंदशेठची आई "गजानना, वाचव रे" म्हणाली. डायनासोर आला, त्याचा पुढचा अर्धा भाग गणपतीपुढे वाकला, मागच्या अर्ध्याला कोणी सांगितलं नसावं, तो उभाच राहिला. मग डायनासोरनं मास्तरांची मान जबड्यात धरली. आणि जबड्यातूनच मास्तर म्हणाले, "पुढे काय झालं, ते उद्या!" शाळेतली मुलं एका सुरात ओरडली, "आजच खाऊन टाक!"

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. तिसऱ्या दिवशी मोर्णा नदीपलीकडून लोक आले. चौथ्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या. कालरथ पाहायला कोणी येत नव्हतं, मास्तर बोलायला लागले की लोक पान खायला उठत. सगळे डरकाळी ऐकायला येत. जो तो यंत्राचं कौतुक करी. शेवटच्या दिवशी शाल-नारळ देऊन मास्तरांचा सत्कार करायचा आणि तेव्हा यंत्र सगळ्यांना दाखवायचं, असं गोविंदशेठनी जाहीर केलं. मास्तरांनी मान लववली. यंत्र कसं दाखवणार हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नसावं.

विमलचं मी जवळून पाहत होते. पहिल्या दिवशी ती घाबरली होती. दुसऱ्या दिवसापासून रांजणातून डोकं काढलं की तिचे डोळे चमकत. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, किती बरं वाटते सांगू तुमाले! पोटातून सगळं बाहेर निंगते." आख्ख्या अकोल्यात तेवढी एकच पोरगी असेल जिला बापानं ओरडायची परवानगी दिली होती. मला तिचा हेवा वाटला. माझा आवाज कसा आहे हे मला अजून नीटसं माहीत नाही.

चौथ्या दिवशी मात्र तिचा घसा धरला. सकाळी भाकरी गिळता येईना. ती मास्तरांना म्हणाली, "बाबा, आज राहू द्या. गळा लय दुखून राह्यला."

"आज तर तीन डरकाळ्या आहेत," मास्तर म्हणाले. लोकांना आवडतात म्हणून त्यांनी दोन वाढवल्या होत्या.

काकू मधे पडल्या. "उद्या मोर्शीचे पाहुने येनार. पोरीले चार शब्द तं बोलता आले पायजे ना."

"तिला ज्येष्ठमधाची कांडी दे. शास्त्र असं सांगतं की वापरानं स्नायू बळकट होतात."

विमलनं तिन्ही डरकाळ्या दिल्या. तिसरीला आवाज मधेच फाटला. लोकांना वाटलं डायनासोर जखमी झाला. त्यांनी जास्तच टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी दुपारी मोर्शीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी नेसलेली. घरात शब्द तिचाच चालतो हे ती बसली त्या बसण्यावरून कळत होतं. मी आतून पोह्यांच्या बशा देत होते. दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं.

विमल पाटावर येऊन बसली. आत्याबाईंनी विचारलं, "नाव काय बाई तुहं?"

विमलनं तोंड उघडलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी झालं.

"काय?"

पुन्हा तसंच. विमलचे डोळे भरून आले. आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं. मग मास्तरांना विचारलं, "पोरीले जन्मापासून असंच हाय काय?"

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. विमलनं पाहिलं. मी फटीतून पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. चार दिवस मांडवात तीच डरकाळी देते म्हणून घसा बसला आहे, इतकंच. त्या वाक्याची किंमत एक कलकत्त्याचं यंत्र. मास्तरांनी खिशातून थर्मामीटर काढला, रुमालानं पुसला, परत ठेवला.

"शास्त्र असं सांगतं," ते म्हणाले, "की ऋतू बदलला की घशावर परिणाम होतो."

"घरात बाकी कोनाले नाई बदलला थो रुतू?" आत्याबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. आत आलेल्या काकूंचा चेहरा मी पाहिला आणि परत खाली पाहिलं. दोन स्थळं पोरीच्या आवाजानं गेली, आणि हे तिसरं आवाज नाही म्हणून चाललं होतं.

पाहुण्यांची गाडी सकाळची होती, त्यामुळे संध्याकाळी त्यांना मांडवात पहिल्या रांगेत बसवलं. मास्तर कालरथातून उतरले, समुद्राचं सांगितलं, आणि काठी आपटली. ठक, ठक, ठक. विमल उठून रांजणाशी गेली. मी तिचा हात धरला, पण ती गेली. आतून नुसती हवा आली. पुन्हा ठक, ठक, ठक. लोक ओरडू लागले, "मशीन लावा! मशीन!"

मास्तर पडदा बाजूला करून आत आले. विमलला त्यांनी दूर सारलं, काळं कापड फेकलं आणि कोटासकट रांजणात शिरून स्वतःच डरकाळी फोडली.

मग कोणीतरी म्हणालं, "अबे, घोरपडीनं बोकड खाल्ला वाटते!" आणि सगळा मांडव फुटला. डायनासोरच्या आत किसनला इतकं हसू आलं की तो मटकन खाली बसला. त्याच्या साळ्याला ते समजलं नाही, तो चालतच राहिला. माझी सुतळीची शिवण मधोमध उसवली. मागचा अर्धा भाग गणपतीकडे गेला, पुढचा मंचावरच राहिला, डोकं घरंगळत पहिल्या रांगेत आलं आणि मुळ्याचे दात मोर्शीच्या पाहुण्यांच्या पायाशी सांडले.

आत्याबाई उठल्या आणि सरळ पडद्यामागे आल्या. रांजणातून मास्तरांचं धोतर नेसलेलं कंबरेखालचं अंग बाहेर होतं. विमल घशाला हात लावून भिंतीशी बसली होती. मी कंदील धरून उभी होते.

"मशीन कुठं हाय?" आत्याबाईंनी मला विचारलं. मी मान खाली घातली.

विमल उठली. जितका आवाज उरला होता तितक्यात म्हणाली, "मशीन नाई, आत्याबाई. चार दिवस मीच होती."

आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग रांजणावर चापट मारली. "मास्तर, पोरीचा गळा कायनं बसला थे तुमाले ठाऊक होतं. अन् दुपारी तुमी गप बसले?"

रांजणातून आवाज आला, "यंत्र बिघडलं आहे."

काकू मागे येऊन उभ्या होत्या. नवऱ्यापुढे त्यांनी कधी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "यंत्र नाई बिघडलं. यंत्राले तुमी बिघडवलं."

तेव्हा मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. केसांना रांजणाची माती लागली होती. त्यांनी मांडवातलं हसणं ऐकलं आणि ते वाक्य म्हणाले, "आपल्या लोकांना सायन्स कळत नाही, त्याला कोण काय करणार!"

मालिका तिथेच संपली. उरलेले दिवस भजन झालं. पाहुणे सकाळच्या गाडीनं काही न बोलता गेले. काकू मास्तरांना वेळेवर वाढत, पण त्यांच्याशी बोलत नसत. चहा द्यायच्या तो इतका गार की थर्मामीटर घालायचं कारणच उरू नये. विमलला दूध-हळद, काढा, गुळण्या चालू होत्या. ती पूर्वीपेक्षा हळू बोले. म्हणजे शिकवलेलं शेवटी जमलं होतं, पण आता ते ऐकून कोणाला आनंद होईना.

दसरा झाल्यावर एका सकाळी दारात टांगा थांबला. आत्याबाई एकट्याच उतरल्या. मागे टांगेवाला संत्र्यांची टोपली घेऊन. त्या बसल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "पोट्टीचा गळा बसला की उघडला?"

"उघडला," काकू म्हणाल्या.

"मंग मार वं एक आवाज. रांजन नको."

विमलनं बापाकडे पाहिलं. मास्तर ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर थोडा वर गेला. मग तिनं आईकडे पाहिलं. काकूंनी होय म्हटलं. विमलनं डोळे मिटले आणि आवाज दिला.

गोविंदशेठच्या दुकानातून एक गिऱ्हाईक रस्त्यावर धावत आलं. टांग्याचं घोडं पुढचे पाय उचलून उभं राहिलं. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"पसंत," त्या म्हणाल्या. "आमच्या बगिच्यात वांदरं लय मातले. राखनदार ठेवले, डबे वाजवले, मोजत नाईत कोनाले."

विमलनं भीत भीत विचारलं, "अन् घरात हळू बोला लागंन काय?"

"आमच्या घरात कोनीच हळू बोलत नाई. म्हनून भांडन लवकर मिटते." मग त्या ओट्याकडे वळल्या. "एकच सांगनं हाय. लग्नात मास्तरले भाषन करू देऊ नका."

लग्नात मास्तरांनी दोन भाषणं केली. दुसऱ्यात त्यांनी सांगितलं की वधूचे गुण वरपक्षाच्या नजरेस यावेत म्हणूनच त्या मालिकेची शास्त्रीय योजना आखली होती. पुढे तेच त्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्यांना ते खरं वाटू लागलं. यंत्र कलकत्त्याचं होतं, हेही ते त्याच दमात सांगत. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या कशा असतील, हे शास्त्रानं त्यांना सांगितलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मोर्शीला. ते निवृत्त झाले होते, तब्येत नरम होती, म्हणून लेकीकडे राहायला आणलं होतं. काकूंनी मला सोबत नेलं. बगिचा संत्र्यांनी लगडलेला. एका झाडाखाली बाजेवर मास्तर बसले होते, तोच काळा कोट, तीच काठी. मी थोडं दूर बसून संत्रं सोलत होते. समोर नवा राखणदार उकिडवा बसला होता. मास्तर त्याला डायनासोर सांगत होते.

"कलकत्त्याचं यंत्र होतं. मी नुसती काठी आपटायचो, की आवाज! ऐक."

त्यांनी झाडाच्या बुंध्यावर काठी आपटली. ठक, ठक, ठक.

पलीकडे विमल बायांना टोपल्या मोजून देत होती. कडेवर एक पोर, पदराला दुसरं. तिनं वळून पाहिलं. ओळखीचं हसली, आणि परत टोपल्या देऊ लागली.

मास्तरांनी पुन्हा आपटली. राखणदारानं वाट पाहिली. मग सहानुभूतीनं म्हणाला, "मशीन बिघडलं वाटते, गुरुजी."

मास्तरांनी काठी खाली ठेवली. काकूंनी सोलून दिलेलं संत्रं घेतलं. खिशाकडे हात गेला, पण थर्मामीटर आता तिथे नव्हता. त्यांनी एक फोड तोंडाशी नेली.

तेवढ्यात कुंपणाच्या बाजूनं वांदरांची टोळी झाडांवर उतरली, आणि विमलनं कडेवरचं पोर खाली ठेवून आवाज दिला.

पानं हलली. वांदरं पोरं छातीशी धरून पळत सुटली. राखणदार उभा राहिला. आणि मास्तर, ज्यांनी गावभर लोकांना भिववलं होतं आणि स्वतः पडद्याच्या पुढे उभे राहून कधी पापणी हलवली नव्हती, ते असे दचकले की संत्रं हातातून उडालं आणि दोन्ही हातांनी त्यांनी बाजेची कड घट्ट धरली.

मग त्यांनी कोट नीट केला आणि कोणी पाहिलं का म्हणून हळूच इकडेतिकडे नजर टाकली. मी मान खाली घालून संत्रं सोलत राहिले.